मान आणि वाटा

(कराड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं आहे. मी थेट विषयाला हात घालतो. 'सांस्कृतिक विविधता आणि सहजीवन : समाजशास्त्रीय दृष्टिकोन' असं भारदस्त नाव संयोजकांनी दिलं आहे. या विषयावर जगभरचे दाखले देता येतात, पण कराडात उभं राहून तेवढं लांब जायचं कारण नाही. उत्तरेला सातारा, दक्षिणेला सांगली, आणि दोन्हीकडची माणसं या सभागृहात बसलेली आहेत. वाळवा, तासगाव, खानापूर हे जुन्या सातारा जिल्ह्याचेच तालुके. सांगली, मिरज, जत ही संस्थानं. १९४९ मध्ये या सगळ्यांची मोट बांधून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे. मराठा, धनगर, लिंगायत, जैन, मुस्लिम, बौद्ध, मातंग, रामोशी, ख्रिस्ती... यादी लांबवत नाही, कारण अशा यादीत नेहमी कुणीतरी राहून जातं आणि व्याख्यान संपल्यावर ते भेटायला येतं.

आपल्याकडे सहजीवनावर बोलायचं म्हटलं की वक्ता सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला जातो. मीही जातो. मोहरमच्या दिवसांत कडेगावात बांबूचे उंचच उंच ताबूत उभे राहतात. त्यांची बांधणी उलटी असते, आधी कळस आणि मग खालचे मजले. ताबुतांचे मानकरी हिंदू आहेत तसे मुस्लिमही. खांदा देणाऱ्यांची जात कुणी विचारत नाही, आणि विचारायला सवडही नसते, कारण सगळं लक्ष तोल सांभाळण्याकडे असतं. ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा गाव आणि पंचक्रोशी रस्त्यावर लोटते. ही परंपरा दीड-दोनशे वर्षांची मानली जाते. दुसरं नाव येतं ते वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीचं. १९६१ च्या सुमारास भर पावसात गणपती भिजायला लागला, तेव्हा मुस्लिम मंडळींनी मूर्ती मशिदीत आणायला सांगितलं, अशी आठवण तिथले लोक सांगतात. १९८० पासून तिथल्या मशिदीत दरवर्षी गणपती बसतो. तिसरं नाव मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचं. उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये वारल्यावर त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या स्मृतीची संगीत सभा आजही चिंचेच्या झाडाखाली भरते.

ही तिन्ही उदाहरणं खरी आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. तरी आज मी त्यांच्याकडे जरा तिरक्या नजरेनं पाहणार आहे. समाजशास्त्राचं काम आरती ओवाळण्याचं नाही. या तिन्ही ठिकाणी माणसांना जोडणारी गोष्ट कोणती, ती कुठवर पुरते आणि कुठे तोकडी पडते, हे विचारावं लागेल.

त्यासाठी आधी मसूरला जाऊ. मसूर कराड तालुक्यातलंच. साल १९०१. मसूरच्या स्टेशनवर चार मुलं उतरली. नवे सदरे, नव्या टोप्या, काठाची धोतरं. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांच्याकडे सुटीला निघालेली. मुलांना न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी आपुलकीनं चौकशी केली. मुलांच्या तोंडून 'आम्ही महार' हा शब्द बाहेर पडला आणि मास्तरांचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोडगा निघाला : भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. मुलांजवळ डबा होता, पाणी नव्हतं. वाटेत जो ओढा लागला त्यात शेण आणि गोमूत्र मिसळलेलं. रात्री टोलनाक्यावर गाडीवानानं सल्ला दिला की आपण मुसलमान आहोत असं सांगा, पाणी मिळेल. त्या मुलांतल्या एकानं उर्दूत तसं सांगितलंही. नाकेदार म्हणाला, तुमच्यासाठी इथे पाणी कोण भरून ठेवतं, डोंगरावर आहे, जाऊन घ्या. चारही मुलं तहानलेलीच झोपली.

पाणी मागणाऱ्या त्या मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० ला, साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव दाखल झालं होतं. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवला.

हा प्रसंग अस्पृश्यतेच्या क्रौर्याचा म्हणून आपण वाचतो, आणि तो आहेच. मला त्यातली व्यवस्था दाखवायची आहे. स्टेशनमास्तर, गाडीवान, नाकेदार, यांपैकी कुणीही मुलांना मारलं नाही. दंगल झाली नाही. गाडीवानानं तर त्यांना मुक्कामाला पोचवलंसुद्धा. बाहेरून पाहणाऱ्याला त्या रस्त्यावर सगळं शांतच दिसलं असतं. गावगाडा असाच शांत चाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला. बलुतेदार, अलुतेदार, त्यांची कामं, त्यांचे हक्क, त्यांना मिळणारी पेंढी, सगळं त्यात आहे. प्रत्येकाला जागा होती, प्रत्येकाला मानही होता. महाराचाही मान होता, आणि त्या मानासोबत तराळकी होती, मेलेलं जनावर ओढणं होतं, पाणवठ्यापासून लांब राहणं होतं. तेव्हा नुसतं एकत्र नांदणं हे काही फार मोठं मूल्य नाही. कोणत्या अटीवर नांदता, हा खरा प्रश्न.

इरावतीबाई कर्वे आणि त्यांचे गुरू गो. स. घुर्ये यांच्यात एक मतभेद होता, तो इथे उपयोगी पडतो. एकच समाज फुटत गेला आणि त्यातून जाती-पोटजाती झाल्या, असा घुर्यांचा कल. इरावतीबाईंचं म्हणणं उलटं : निरनिराळे समूह निरनिराळ्या ठिकाणांहून आले, शेजारी शेजारी बसले, आणि एकमेकांत न मिसळता एका व्यवस्थेत जोडले गेले. त्यांच्या मते हिंदू समाज ही अशी तुकड्यातुकड्यांची गोधडी आहे. याच इरावतीबाईंनी पुढे फलटण शहराचा आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांचा अभ्यास केला. सातारा जिल्ह्यानं भारतीय समाजशास्त्राला बरंच काही पुरवलं आहे, आपल्याच महाविद्यालयांत ते फारसं शिकवलं जात नाही एवढंच. गोधडीची ऊब मला मान्य आहे. पण वरचा तुकडा कुणाचा आणि जमिनीला लागणारा कुणाचा, हे गोधडी सांगत नाही.

फर्निव्हल नावाचा एक इंग्रज अधिकारी ब्रह्मदेशात होता. बर्मी, चिनी, भारतीय, युरोपीय एकाच गावात राहतात, बाजारात भेटतात, माल देतात-घेतात आणि घरी जातात, हे त्यानं पाहिलं. अशा समाजाला त्यानं बहुविध समाज म्हटलं : माणसं एकत्र येतात, एकजीव होत नाहीत. हे वाचताना मला रंगून दिसत नाही, कृष्णाकाठच्या उसाच्या फडाशेजारच्या कोप्या दिसतात. दिवाळीनंतर बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, त्यांना आपण 'कोयता' म्हणतो. माणसाला हत्याराचं नाव! पाच-सहा महिने ही माणसं गावाच्या शिवेवर राहतात. गावाचा ऊस त्यांच्याच हातांनी कारखान्याला जातो. त्यांची पोरं गावच्या शाळेजवळून वाडं डोक्यावर घेऊन जातात. गावातल्या किती जणांना त्यातल्या एकाचं तरी नाव ठाऊक असतं? बाजारहाट, दुकानदाराची उधारी, एवढाच संबंध. मंडळाच्या वर्गणीला मात्र त्यांच्याकडेही जातात, हे मी पाहिलेलं आहे.

आता मिरज. दर्ग्याचं मिरज, सतारीचं मिरज. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. त्यांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि त्यांच्या सतार-तंबोऱ्यांवर देशभरच्या गवयांनी रियाज केला. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, कारागीर मुस्लिम, गिऱ्हाईक बहुतेक हिंदू. त्याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये, ऐन गणेशोत्सवात, शिवाजी महाराज आणि अफजलखानाच्या प्रसंगाचं चित्र असलेल्या स्वागत कमानीवरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, विसर्जन खोळंबलं, लोण सांगलीत आणि पुढे इचलकरंजी-कोल्हापूरपर्यंत गेलं. महिनाभरावर विधानसभेची निवडणूक होती, हेही नोंदवून ठेवायला हवं. उरुसातला गलेफ त्या दिवशी कामी आला नाही. चिंचेखालच्या मैफलीही आल्या नाहीत.

का आल्या नाहीत? आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञानं २००२ च्या आपल्या पुस्तकात सहा शहरांचा जोडीजोडीनं अभ्यास मांडला : अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत एक दंगलीचं, एक शांततेचं. त्याचा निष्कर्ष आपल्या भावुकपणाला रुचणारा नाही. शेजाऱ्याच्या घरी शिरखुर्मा खाणं, दिवाळीचा फराळ पाठवणं, हे खेड्यात पुरतं. लाखांच्या शहरात पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच व्यापारी संघात, कामगार संघटनेत, वाचनालयात, पक्षाच्या शाखेत रोज एकत्र काम करत असतील, तर अफवा उठली की ती मरते, कारण ती मारण्यात त्यांचा धंदा, त्यांची संघटना, त्यांचं पद अडकलेलं असतं. याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातही आहे. १९८४ मध्ये होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं, नियमित बैठका, नळ-गटार-भांडण असे रोजचे प्रश्न. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी बव्हंशी शांत राहिली.

या कसोटीवर गोटखिंडी आणि मिरज यांतला फरक समजतो. गोटखिंडीत मशिदीतल्या गणपतीचं मंडळ चालवणारी माणसं वर्षभर एकमेकांच्या तोंडासमोर असतात. मिरजेत ती उरुसाला भेटतात. मग पुसेसावळीचं काय? खटाव तालुक्यातलं ते बाजाराचं गाव. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं. पुसेसावळी शहर नाही. पण खेड्याचा रोजचा शेजार आणि शहराची संघटना, दोन्ही नसलेली अशी मधली गावं आता आपल्याकडे पुष्कळ झाली आहेत. थोरल्यांची ओळख पारावर होती. पोरांची ओळख फोनवरच्या गटात आहे, आणि त्या गटात शेजारच्या आळीतला पोरगा नाही.

गोटखिंडीविषयी अजून एक बोललं पाहिजे, आणि ते तिथल्या लोकांचा पूर्ण आदर ठेवून. बकरी ईद आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा तिथल्या मुस्लिमांनी कुर्बानी न करता फक्त नमाज पढली. २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि ईद एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हेच झालं. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण कौतुकाच्या बातम्या ओळीनं वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते : सोडणारा बहुतेक वेळा तोच असतो. संख्येनं थोडा असलेल्यानं सोडायचं आणि जास्त असलेल्यानं टाळ्या वाजवायच्या, असं फार दिवस चाललं की त्या औदार्याची सक्ती होते. गोटखिंडीत तसं झालंय असं मी म्हणत नाही. इतरत्र गोटखिंडीचा दाखला देऊन तशी मागणी केली जाते, हे मात्र म्हणतो.

म्हणजे ताबूत-गलेफांतलं हे मानाचं नातं खोटं नाही, पण ते वर्षातल्या एका दिवसाचं आणि पायरीपायरीचं असतं. त्याच्या जोडीला वाट्याचं नातं लागतं. समाईक गोष्ट माणशी, घरटी, सारखी वाटून घेण्याचं. त्याचे दोन नमुने आपल्याच मातीत झाले, आणि माझ्या मते कडेगावच्या ताबुतांइतकेच ते पाहायला नेण्याजोगे आहेत.

पहिला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. भाऊराव पाटील जन्मानं जैन, विचारानं सत्यशोधक. १९१९ मध्ये इथल्याच काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांच्या पोटाची सोय केली, ही गोष्ट आपण भाषणांत नेहमी सांगतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते तिथलं रोजचं कामाचं वाटप. पीठ मळणं, भाकरी, भांडी, झाडलोट हे सगळं मुलांनीच करायचं, आणि ते जातीनुसार वाटलेलं नव्हतं. मराठ्याचं पोरगं महाराच्या पोरानं थापलेली भाकरी रोज दोन वेळा खाई. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये लिहिलं की दोन गटांच्या नुसत्या गाठीभेटींनी पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, काम हातात हात घालून हवं आणि वरच्या अधिकाराचा पाठिंबा हवा. साताऱ्याच्या बोर्डिंगात या चारही गोष्टी तीस वर्षं आधीच होत्या. भाऊरावांना ऑलपोर्ट वाचायची गरज पडली नाही, त्यांनी गावगाडा पाहिला होता.

दुसरा नमुना कमी लोकांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये मुंबईतला गिरणी संप झाला आणि खानापूर तालुक्यातले कितीतरी कामगार गावी परतले. गावी दुष्काळ. येरळा नदी कोरडी, आणि तिच्यातली वाळू ठेकेदार ट्रकांनी नेत होते, त्यामुळे विहिरी आणखी खाली चाललेल्या. या माणसांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवलं की नदी आपली, वाळू आपली, तर मोजकी वाळू आपणच विकू आणि त्या पैशात धरण बांधू. १९८० च्या दशकाच्या शेवटी बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. धरण लहानच. पण त्याचा पाणीवाटपाचा नियम मोठा होता : पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, घरटी सारखं द्यायचं. ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. पुढे आटपाडीकडच्या पाणी चळवळीत नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी मोठ्या प्रमाणावर लावून धरली.

मसूरच्या रस्त्यावर पाणी नाकारलं गेलं आणि येरळेच्या काठी ते भूमिहीनालाही वाट्यानं देऊ केलं गेलं. या दोन जागांमध्ये फार मैलांचं अंतर नाही. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लोकशाही म्हणजे एकत्रित जगण्याची रीत, असं म्हटलं आणि समाजात आतबाहेर झिरपण असली पाहिजे, असा आग्रह धरला. ते लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेलं भाषण, पण ते झालंच नाही. तिथल्या संयोजकांनी आधी मजकूर मागवून वाचला आणि परिषद रद्द केली. आजच्या संयोजकांनी माझा मजकूर आधी मागवला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

कारण आता जे बोलणार आहे ते या सभागृहातल्या काहींना टोचेल. सहकार हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं वैभव. वार्ष्णेयच्या भाषेत बोलायचं तर रोज एकत्र काम करण्याची सगळ्यात दाट जाळी आपल्याकडेच आहे : साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या. मग ती जाळी अफवेच्या रात्री का फाटते? कारखान्याचा सभासद होतो ऊस लावणारा, म्हणजे बागायत जमीन असलेला. ज्याला जमीन नाही, तो मातंग, तो बौद्ध, तो शिकलगार, तो बागवान, तो ऊसतोड्या, या जाळीच्या बाहेर राहिला. संस्था मोठ्या झाल्या, पण मोठ्या झाल्या त्या आपल्या आपल्यात. वाट्याचं नातं जमिनीच्या उताऱ्यावर अडलं. हा दोष भाऊरावांच्या किंवा येरळेच्या नियमाचा नाही, तो नियम न पाळल्याचा आहे.

शेवटी, बाहेरचा कोण हे ठरवताना आठवावेत अशा गलाईवाल्यांविषयी. विटा, खानापूर, आटपाडी, तसंच माण-खटावची हजारो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात केरळपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. ती तिथे परप्रांतीय आहेत, भाषा वेगळी, देव वेगळे. तिथल्या गल्लीतल्या माणसांनी त्यांच्यावर सोन्याच्या बाबतीत विश्वास टाकला म्हणून विट्यात बंगले उभे राहिले. हीच माणसं दिवाळीला गावी येतात तेव्हा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या मजुरांबद्दल काय बोलतात, ते मी ऐकलेलं आहे, तुम्हीही ऐकलं असेल.

माझी विनंती मोजकीच आहे. इथे पतसंस्थांचे, दूध संस्थांचे, मंडळांचे, वाचनालयांचे पदाधिकारी बसले आहेत. घरी गेल्यावर आपल्या संस्थेची सभासद यादी काढा आणि आडनावं वाचा. गावात जी आडनावं आहेत आणि यादीत नाहीत, ती एका कागदावर लिहा. पुढच्या वार्षिक सभेत तो कागद विषयपत्रिकेवर घ्या. शांतता समितीची बैठक गणपतीच्या आधी एकदा पोलीस ठाण्यात चहा पिऊन संपवू नका. ती दर महिन्याला, नळाच्या आणि गटाराच्या प्रश्नावर, गावातच घ्या आणि तिच्यात पंचविशीच्या आतली पोरं-पोरी निम्म्या ठेवा. आणि गळीत हंगाम सुरू झाला की कोप्यांवर जाऊन मुलांची नावं शाळेच्या हजेरीपटावर आणा. बारा महिने नाही, पाच-सहाच महिने ती तुमच्या गावात आहेत, तेवढ्यात हे काम होतं.